नेहमीचं देऊ का?

मोबाईलवरच्या सेवा आपल्याला ओळखून वागायला लागल्या आहेत, त्याबद्दल मनात काही शंका असतील तर पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आणि मेल मिळून इतकी आली की सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही. पाच निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी थोडक्यात ओळख: पुण्यात एका ऑनलाइन विक्री कंपनीत मी अकरा वर्षं काम केलं. 'तुम्हाला हेही आवडेल' अशी जी पट्टी खाली दिसते, ती तयार करणाऱ्या विभागात. आता इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

प्रश्न : ताई, मी सोलापूरची निवृत्त शिक्षिका. गच्चीवर पापड वाळत घालताना शेजारच्या वहिनींशी गुडघेदुखीबद्दल बोलत होते. त्यांनी गुडघ्याला बांधायचा कुठलासा पट्टा मागवलाय म्हणाल्या. मी फोनवर काही शोधलं नाही, कुणाला मेसेज केला नाही. फोन फक्त कठड्यावर ठेवलेला होता. संध्याकाळी बघते तर त्याच पट्ट्याची जाहिरात! फोन आपलं बोलणं ऐकतो का?

उत्तर : तो ऐकत असेल असं मला वाटत नाही. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली हीच शंका तपासून पाहिली होती. सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप त्यांनी तपासली. गुपचूप माइक सुरू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही अ‍ॅप त्यांना सापडलं नाही. काही अ‍ॅप मात्र वापरणाऱ्याच्या स्क्रीनचं चित्रण तिसऱ्याच कंपनीला पाठवताना सापडली.

मग पट्टा आला कुठून? तुमच्या पत्रात अगदी शेवटी एक ओळ आहे: 'आमचं आणि वहिनींचं वाय-फाय एकच आहे, बिल निम्मं निम्मं भरतो.' उत्तर बहुतेक तिथेच आहे. एका वाय-फायवर कितीही फोन चालू असले तरी बाहेरच्या जगाला इंटरनेटचा पत्ता सहसा एकच दिसतो. आमच्या कंपनीत 'घर' नावाचा एक रकाना होता. कुणाच्या घरात कोण राहतं हे आम्हाला कुणी सांगत नसे. रात्री आठ ते सकाळी सात या वेळात एकाच पत्त्यावरून जे फोन रोज दिसतात ते एका घरातले, असं धरून तो रकाना भरला जायचा. वहिनींनी पट्टा शोधला, मागवला. त्यांच्या 'घरात' आणखी एक फोन आहे, तो साठीच्या पुढच्या बाईंचा आहे, गाव सोलापूर. आता पट्टा विकणाऱ्याने तुमच्याकडे यायला आणखी काय हवं? तुम्ही गच्चीवर एक शब्दही बोलला नसता तरी ती जाहिरात आली असती. कदाचित आधीही आली असेल. तेव्हा विषय डोक्यात नव्हता म्हणून नजर पुढे सरकली असेल.

फोन ऐकत नाही हे कळल्यावर हायसं वाटावं, असं मला मात्र वाटत नाही. कान न लावताच इतकं कळतं, ही जास्त गंभीर गोष्ट आहे. वहिनींचं दुखणं तुमच्या फोनवर आलं, तसं तुमचं त्यांच्या फोनवर जाऊ शकतं, आणि दोघींना कुणी विचारलेलं नाही.

तुमचा फोन अँड्रॉइड आहे असं धरून सांगते. सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात अ‍ॅड्स, तिथे जाहिरात आयडी हटवण्याची सोय आहे. ती वापरा. हा आयडी म्हणजे तुमच्या फोनला चिकटवलेला एक नंबर. एका अ‍ॅपमधलं वागणं दुसऱ्या अ‍ॅपमधल्या वागण्याशी जोडायला तो वापरतात. आयफोनवर प्रायव्हसीच्या पानावर 'ट्रॅकिंग' आहे, तिथे परवानगी मागणंच बंद करून टाकता येतं. माइकची धाकधूक असेल तर गेल्या काही वर्षांतल्या फोनवर माइक चालू झाला की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात ठिपका उमटतो, अँड्रॉइडवर हिरवा, आयफोनवर नारिंगी. त्याच्यावर लक्ष ठेवा. वाय-फाय वेगळं करायची काही गरज नाही.

प्रश्न : माझं नाव आणि गाव छापू नका. लग्नाला सहा वर्षं झाली. मूल व्हावं म्हणून उपचार चालू आहेत. घरात फक्त ह्यांना माहीत आहे. औषधं मी अ‍ॅपवरून मागवते. परवा माझा फोन सासूबाईंच्या हातात होता, त्या वन्संशी व्हिडिओवर बोलत होत्या. तेवढ्यात वरून पट्टी उतरली: औषधाचं नाव आणि 'संपत आलं असेल ना? पुन्हा मागवा'. सासूबाईंनी नाव मोठ्याने वाचलं आणि हे कशाचं म्हणून विचारलं. मी थायरॉइडचं आहे असं सांगितलं. तेव्हापासून फोन कुणाच्या हातात गेला की पोटात गोळा येतो. माझी चूक झाली का?

उत्तर : नाही. तुमची काहीही चूक नाही. हे पहिलं वाक्य दोनदा वाचा.

माझ्या वडिलांचं विट्याच्या बाजारपेठेत मेडिकल होतं, २०१६ पर्यंत. गावातल्या निम्म्या लोकांचं दुखणं त्यांना तोंडपाठ होतं. गिऱ्हाईक पायरीवर दिसलं की ते विचारायचे, "नेहमीचं देऊ का?" बस, एवढंच. दुकानात दुसरं कुणी उभं असेल तर औषधाचं नाव त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. स्ट्रिप खाकी पाकिटात, पाकिटाला एक घडी, मग ते हातात. शाळेत असताना मी एकदा गल्ल्यावर बसले होते आणि एका मावशींना "ही झोपेची गोळी ना?" असं विचारलं. त्या गेल्यावर वडिलांनी मला आत बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "त्या चिठ्ठी आपल्याला दाखवतात, शेजारच्या गिऱ्हाइकाला नाही."

२०१४ पासून काही अँटिबायोटिक, क्षयरोगाची औषधं आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्यांसाठी वेगळं रजिस्टर सक्तीचं झालं, शेड्यूल एच-वनचं. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. औषध निरीक्षक आले की ते त्यांच्यापुढे ठेवायचं. औषध कंपन्यांचे एमआर दुपारी यायचे, कोणते डॉक्टर काय लिहून देतात ते विचारायला. त्यांच्या भाषेत त्याला आरसीपीए म्हणतात. वडील त्यांना चहा पाजायचे. अमुक गोळीच्या किती स्ट्रिपा गेल्या तेवढं सांगायचे. रजिस्टर मात्र गल्ल्याखालून वर यायचं नाही. ते निरीक्षकांसाठी होतं, एमआरसाठी नव्हतं.

म्हणजे आठवण ठेवणं ही सेवाच आहे, त्यात वाईट काही नाही. तुमचं औषध संपत आलं हे अ‍ॅपला कळतं, त्याचा तुम्हाला उपयोगही असेल. पण ते नाव उघड्या स्क्रीनवर टाकायला त्यांना तुम्ही सांगितलं नव्हतं. पाकीट उघडं टाकलं ते त्यांनी.

आता करायचं काय ते. लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवायची सोय तुमच्या कामाची नाही, कारण त्या वेळी फोन उघडाच होता. त्या अ‍ॅपची सगळी नोटिफिकेशन फोनच्या सेटिंग्जमधूनच बंद करा, अ‍ॅपमधल्या बटणांवर अवलंबून राहू नका. पुन्हा मागवायची आठवण एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप आणि मेल यांवरही येते, तिन्ही ठिकाणी नकार नोंदवा. ऑर्डर पोचवणाऱ्याच्या मेसेजमध्ये औषधाचं नाव येतं का, तेही बघून घ्या.

यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल लिहा. त्याचं नाव आणि पत्ता वेबसाइटवर देणं कंपनीला बंधनकारक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत आजार आणि उपचारांच्या नोंदी 'संवेदनशील' माहितीत धरल्या आहेत. ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, दिलेली संमती लेखी परत घेता येते, तक्रार एका महिन्यात निकाली काढायची, हे सगळं त्या नियमांत आहे. असं लिहा: 'माझ्या खरेदीवरून औषधांच्या आठवणी व जाहिराती पाठवण्यास दिलेली संमती मी मागे घेत आहे. माझ्या खरेदीवरून माझ्या प्रकृतीविषयी काढलेले अंदाज काढून टाकावेत. ही माहिती अन्य कोणाला दिली असल्यास त्यांची नावे कळवावीत.'

यातला 'अंदाज' हा शब्द गाळू नका. का, ते मला स्वतःच्या अनुभवावरून सांगायचं आहे.

आमच्या कंपनीत गिऱ्हाइकाच्या घरी बाळ येणार का, हे खरेदीवरून ओळखणारा एक प्रोग्राम होता. सैल कुर्ते, फॉलिक अ‍ॅसिड, पोटाला लावायचं तेल अशा वस्तूंवरून तो नावापुढे खूण करायचा. तो लिहिणाऱ्या तिघांत मी होते आणि तो किती नेमका आहे याचा आम्हाला अभिमान होता. एक दिवस तक्रार विभागाकडून एक मेल फिरत फिरत माझ्याकडे आला, कारण त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. तीन ओळी होत्या. 'चौथ्या महिन्यात माझं बाळ गेलं. तुमच्याकडून रोज पाळण्यांचे फोटो येतात. कृपया थांबवा.'

मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. मी खूण पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत हजर, कारण रात्रीचा हिशेब जुन्याच खरेदीवरून नव्याने चालला होता. तो थांबवला, तर मेल पाठवणाऱ्या विभागाकडे त्या खुणेची स्वतःची प्रत निघाली. तिथून काढली, तर एक प्रत जाहिरात विभागाकडे, आणि तिथून एक केव्हाच बाहेरच्या जाहिरात कंपनीकडे गेलेली. अशा सात जागा सापडल्या. एकोणीस दिवस लागले. बाळ येणार हे लिहायला आमच्याकडे रकाना होता, बाळ किती महिन्यांचं झालं हे लिहायलाही होता. नाही आलं, हे लिहायला कुठेही जागा नव्हती. त्या एकोणीस दिवसांत तिला आणखी किती पाळणे दिसले ते मी मोजलं नाही. मोजायचं धाडस झालं नाही.

तो रकानाच बंद करावा म्हणून मी वरिष्ठांना लेखी कळवलं. तो बंद झाला नाही. दीड वर्षाने मी नोकरी सोडली.

आपण फॉर्मवर लिहितो ती माहिती आपल्याला आठवते, ती परत मागता येते. आपल्या वागण्यावरून काढलेला अंदाज आपल्याला दिसतच नाही, म्हणून तो नाव घेऊन मागावा लागतो. मेलला उत्तर आलं नाही तर मला कळवा. पुढचं पत्र आपण मिळून लिहू. आणि उपचारांना मनापासून शुभेच्छा.

प्रश्न : कपड्यांच्या दुकानात 'मोबाईल नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही' म्हणतात. खरं आहे का? (नाशिक)

उत्तर : निघतं. नंबर दिला नाही म्हणून वस्तू किंवा बिल नाकारू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. "नंबर देणार नाही, कागदी बिल द्या" एवढं शांतपणे म्हणा आणि काउंटरवरून हलू नका. काउंटरवरच्या मुलीवर चिडू नका, तिला तसं शिकवलेलं असतं. मॅनेजरला बोलवा.

प्रश्न : मी ठाण्याचा, वय ७१. माझ्या मोबाईलवर सकाळी अभंग आणि भीमसेनजींचं गाणं लागायचं. अकरा वर्षांचा नातू सुट्टीत राहायला आला आणि आता यूट्यूब उघडलं की मारामारीच्या गेमचे व्हिडिओ. माझं मला परत कसं मिळेल? आणि त्याला नको ते दिसत असेल का?

उत्तर : आजोबा, तुमचं परत मिळवणं सोपं आहे. यूट्यूबच्या हिस्टरीत जाऊन नातवाच्या दिवसांतले व्हिडिओ काढून टाका. तिथेच जुना इतिहास आपोआप पुसायचीही सोय आहे: तीन महिने, अठरा महिने किंवा छत्तीस महिने. तुम्ही तीन ठेवा. रोज ऐकत असाल तर अभंग पुरेसे टिकतील.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते. दंड दोनशे कोटींपर्यंत आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. पण तुमचा नातू तुमच्या खात्यावर बसलेला असतो. कंपनीच्या हिशेबात तिथे ७१ वर्षांचे गृहस्थ गेम बघत आहेत. कायद्याने मुलांना जे दिलं ते त्याच्यापर्यंत पोचायचं तर तो मुलगा आहे हे आधी दिसायला हवं. म्हणून पुढच्या सुट्टीत तो येईल तेव्हा सूनबाईंना सांगून त्याचं मुलांसाठीचं वेगळं खातं काढून घ्या, आणि तो काय बघतो ते कधीतरी त्याच्या शेजारी बसून बघा.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी अ‍ॅप करतोय. सभासद १,१४०, पुस्तकं चौदा हजार. 'तुम्हाला हेही आवडेल' ही सोय मला द्यायची आहे. कार्यकारिणीतले एक काका म्हणाले, कोण काय वाचतं हे बाहेर जायला नको. मी म्हटलं, नावं काढून प्रत्येकाला नंबर देतो, मग प्रश्नच मिटला. बरोबर ना?

उत्तर : अरे, तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, म्हणून उत्तर लांबणार आहे. पण प्रश्न मिटला नाही. काकांचं बरोबर आहे.

नेटफ्लिक्सने २००६ साली नेमकं तुझ्यासारखंच केलं. शिफारशी सुधारून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि सरावासाठी सुमारे पावणेपाच लाख ग्राहकांनी सिनेमांना दिलेले दहा कोटी गुण जाहीर केले. नावं काढून, नंबर देऊन. टेक्सास विद्यापीठातल्या अरविंद नारायणन आणि विताली श्माटिकोव्ह या दोघांनी दाखवलं की एखाद्याने गुण दिलेले आठ सिनेमे आणि त्यांच्या तारखा ठाऊक असतील, त्यातले दोन साफ चुकलेले असले आणि तारखा दोन आठवड्यांनी मागेपुढे असल्या, तरीही ९९ टक्के वेळा तो माणूस त्या ढिगाऱ्यात एकटा उठून दिसतो. लोक दुसऱ्या वेबसाइटवर आपल्या नावाने सिनेमांना गुण देतातच. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की नंबरला नाव मिळतं. आपली लैंगिक ओळख अशी उघड होईल या भीतीने एका आईने नाव न देता खटला भरला, आणि जाहीर केलेली दुसरी स्पर्धा कंपनीने २०१० मध्ये मागे घेतली.

आणि हे पावणेपाच लाखांत. तुझ्याकडे १,१४० आहेत! एकच सभासद स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, द्राक्षबागेवरचं पुस्तक आणि दारू सोडवण्यावरचं पुस्तक नेतो. गावातल्या चहाच्या टपरीवर विचार, नंबर कुणाचा ते सांगतील. आणि तिसरं पुस्तक नेण्याचं धैर्य गोळा करायला त्या माणसाला किती दिवस लागले असतील, ते मनात आण.

अमेरिकेत १९८७ साली सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेल्या एका न्यायाधीशांनी भाड्याने नेलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने छापली. यादीत वावगं काही नव्हतं. तरी संसद हादरली आणि पुढच्याच वर्षी व्हिडिओच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा कायदा झाला. वरचा खटला त्याच कायद्याच्या आधारावर होता. आपल्याकडे खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. तुमच्या वाचनालयाच्या टेबलापर्यंत तो हक्क आणायचं काम आता तुझ्याकडे आहे.

कसं करशील ते सांगते. शिफारस करायला 'कोण' लागत नाही, 'काय' लागतं. जुन्या देवघेवीवरून एकदाच जोड्या मोज: हे पुस्तक नेणाऱ्यांपैकी किती जणांनी तेही नेलं. दहापेक्षा कमी सभासदांनी नेलेली जोडी टाकून दे, कारण दोघांनीच नेलेली जोडी म्हणजे जवळजवळ नावच. मोजून झालं की सभासदांच्या याद्या पुस. उरलेला तक्ता लहान असेल, तो सगळाच्या सगळा प्रत्येक फोनवर पाठव. सभासदाने काय वाचलं ते त्याच्या फोनमध्येच राहील, तक्त्याशी ताडून शिफारस फोनच काढेल. सर्व्हरला कळणारच नाही. कीबोर्डवर पुढचा शब्द सुचवायला गूगल २०१७ पासून याच दिशेने गेलं आहे: शिकायचं फोनने, वर पाठवायचं ते शिकण्याचं सार. तुझं काम तर त्याहून सोपं आहे.

सभासदांना एखादा नाजूक प्रश्न विचारायचा असेल, समजा 'आपलं नाव लागेल म्हणून एखादं पुस्तक न्यायचं टाळलंत का?', तर नाण्याची युक्ती वापर. प्रत्येकाने मनाशी नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं सांगायचं. काटा पडला तर पुन्हा उडवायचं, आणि छापा आला तर 'हो', काटा आला तर 'नाही', खरं काहीही असो. आता कुणाच्याही 'हो'वर बोट ठेवता येत नाही. पण एकूण आकडा सापडतो. हजार जणांत ३४० 'हो' आले असं धर. त्यातले अडीचशे नुसते नाण्याचे. उरले नव्वद, ते खरं बोलणाऱ्या पाचशेतले, म्हणजे अठरा टक्के. हजार माणसांत हा अंदाज तीनेक टक्के इकडेतिकडे होतो, हे लक्षात ठेव. या जातीची कल्पना स्टॅन्ली वॉर्नर या अभ्यासकाने १९६५ साली मांडली आणि २०१४ साली गूगलने तीच क्रोम ब्राउझरसाठी घेतली.

शेवटची गोष्ट. तुमच्या ग्रंथपालांना विचार, संगणक यायच्या आधी पुस्तक कसं द्यायचे. बऱ्याच वाचनालयांत ब्राऊन पद्धत होती. सभासदाचं तिकीट म्हणजे छोटा खिसा. पुस्तकातलं कार्ड काढून त्या खिशात घालायचं आणि परतीच्या तारखेच्या मागे ट्रेमध्ये उभं करायचं. पुस्तक बाहेर असेपर्यंत कुणाकडे आहे ते एका नजरेत कळायचं. परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट सभासदाच्या हातात, आणि दोघांची गाठ सुटली. कोणी कधी काय वाचलं याचा मागमूस उरत नसे. पुस्तक हरवू नये एवढंच ते काम होतं आणि ते झालं की नोंद आपोआप विरायची. तुझ्या अ‍ॅपमध्ये देवघेवीचा तक्ता करशील तेव्हा 'परत' हे बटण दाबल्यावर सभासदाचा क्रमांक त्या ओळीतून पुसला जाईल असं लिही.

जुनी तिकिटं कपाटात असतील तर एक मागून घे आणि कार्यकारिणीच्या बैठकीला घेऊन जा, काकांना ते चटकन कळेल. आणि दहाची अट लावल्यावर किती जोड्या उरल्या ते मला नक्की कळव.